दुर्बलाला दिलेला शब्द

युरोपच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके मध्ययुगाचा शेवट बहुधा दोनपैकी एका सालाशी नेऊन बांधतात. एक साल १४५३, ज्या वर्षी उस्मानी सुलतान मुहम्मद फातिह यांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले. दुसरे १४९२, ज्या वर्षी कोलंबसाची जहाजे अटलांटिक ओलांडून गेली. या दुसऱ्या सालाच्या अगदी प्रारंभी, २ जानेवारी रोजी, ग्रॅनाडाचा (आपल्या उर्दू पुस्तकांतील गरनाताचा) शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह याने शहर आणि अल्-हमराचा किल्ला कॅस्टीलची राणी इसाबेला व आरागॉनचा राजा फर्डिनांड या दांपत्याच्या स्वाधीन केला. अंदलुसमधील सुमारे आठशे वर्षांची मुस्लिम सत्ता त्या दिवशी संपली.

आपल्या घरांत ही घटना अपरिचित नाही. इकबालांच्या कवितेने आणि नसीम हिजाझींच्या कादंबऱ्यांनी अंदलुसची हळहळ दोन-तीन पिढ्यांच्या मनात रुजवली आहे. डोंगराच्या वळणावरून मागे पाहून रडणारा सुलतान आणि त्याला झिडकारणारी त्याची आई हे चित्र तर लहान मुलांनाही ठाऊक असते. ती कथा नंतरच्या काळात रचली गेली असे अभ्यासक मानतात. पण प्रश्न तिच्या खरेखोटेपणाचा नाही. अश्रूंच्या या कथेमागे एक कागद झाकला गेला आहे आणि त्या कागदात, माझ्या मते, ग्रॅनाडाच्या पराभवापेक्षा मोठा प्रश्न दडलेला आहे.

तो कागद म्हणजे शरणागतीचा तह. २५ नोव्हेंबर १४९१ रोजी, शहराबाहेर सांता फे येथे उभारलेल्या ख्रिस्ती छावणीत, त्याच्यावर स्वाक्षऱ्या झाल्या. सुलतानाच्या वतीने वजीर अबुल कासिम अल्-मुलीह आणि राजदांपत्याच्या वतीने त्यांचा चिटणीस एर्नांदो दे साफ्रा यांनी अनेक आठवडे वाटाघाटी केल्या होत्या. आजही वाचताना आश्चर्य वाटावे इतकी त्याची कलमे उदार आहेत. मुसलमानांना आपल्या धर्मावर राहता येईल. त्यांच्या मशिदी आणि वक्फ त्यांच्याच ताब्यात राहतील. त्यांचे आपसातील तंटे त्यांचे काझी त्यांच्या शरीअतनुसार सोडवतील. कोणाही मुसलमानाला ख्रिस्ती होण्याची सक्ती केली जाणार नाही. ज्या ख्रिस्ती स्त्रियांनी पूर्वी इस्लाम स्वीकारला आहे, त्यांच्यावरही परतण्यासाठी जबरदस्ती होणार नाही. ज्यांना मगरिबला जायचे असेल त्यांना राज्याची जहाजे नेऊन सोडतील. ग्रॅनाडाच्या मूळ रहिवासी यहुद्यांनाही या तहाचा लाभ मिळेल. राजा-राणीने हे सारे आपल्या राजवचनावर, आपल्या वतीने आणि आपल्यामागून येणाऱ्या वारसांच्या वतीने मान्य केले होते.

यहुद्यांपुरते ते वचन तीन महिनेही टिकले नाही. ३१ मार्च १४९२ रोजी, त्याच अल्-हमरामधून, सर्व यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा अथवा जुलैअखेर राज्य सोडावे असे फर्मान निघाले. त्यांतील पुष्कळांना उस्मानी सुलतान बायजीद दुसरे यांनी आपल्या राज्यात आश्रय दिला. मुसलमानांपुरते ते वचन आणखी सात-आठ वर्षे तगले.

आता प्रश्न. शहर एकदा ताब्यात आल्यावर, तोफा आणि तटबंदी हाती असताना, समोरच्याजवळ वचन पाळून घेण्याचे कोणतेही साधन उरले नसताना, ते वचन पाळायचे कशासाठी? दोन तुल्यबळ राजे एकमेकांचा शब्द पाळतात तेव्हा त्यामागे निष्ठा किती आणि भीती किती हे सांगता येत नाही. शब्द घेणारा निःशस्त्र झाला म्हणजेच शब्द देणाऱ्याची खरी ओळख पटते.

ग्रॅनाडाचा पहिला आर्चबिशप एर्नांदो दे तालावेरा या परीक्षेत बऱ्याच अंशी उतरला, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मुसलमानांनी ख्रिस्ती व्हावे अशीच त्याची इच्छा होती. पण ते समजावून सांगून व्हावे, दंडुक्याने नव्हे, असे तो मानत असे. त्यासाठी त्याने आपल्या धर्मगुरूंना अरबी शिकायला लावले, म्हातारपणी स्वतःही ती शिकण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या प्रेरणेने पेद्रो दे आल्काला याने अरबीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. शहरातील मुसलमान त्याला ‘संत फकीह’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. परक्या धर्माच्या पुरोहिताला पराभूत लोकांनी दिलेली ही पदवी साधी नाही.

१४९९ मध्ये टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस ग्रॅनाडात आला आणि सारे पालटले. तालावेराची चाल त्याला फार धीमी वाटली. त्याने आधी प्रतिष्ठितांना भेटी दिल्या, मग जे ऐकेनात त्यांना तुरुंगात टाकले. हजारोंना एकगठ्ठा बाप्तिस्मा देण्यात आला. बिब-रम्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकाचे ग्रंथ तेवढे बाजूला काढून आल्कालाला पाठवण्यात आले. डिसेंबरमध्ये, पूर्वी ख्रिस्ती असलेल्या एका कुटुंबातील तरुणीला त्याचे शिपाई अल्बाइसीन मोहल्ल्यातून धरून नेत असताना तिने चौकात आक्रोश केला, लोक धावून आले, एक शिपाई ठार झाला आणि मोहल्ल्याने रस्ते अडवून हत्यारे उचलली.

यानंतर जे घडले त्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. तालावेरा एका साथीदारासह, क्रूस पुढे धरून, बिनहत्यारी त्या जमावात चालत गेला. आणि इतिवृत्तकार सांगतात की लोकांनी त्याच्या झग्याचे टोक चुंबिले. त्याच्यामागून किल्लेदार, तेंदिल्याचा सरदार, आला. त्याने आपली टोपी जमावात फेकली आणि तुमच्यावर सूड उगवला जाणार नाही या शब्दाच्या हमीसाठी स्वतःची पत्नी आणि मुले मोहल्ल्यातील मशिदीशेजारच्या घरात ठेवली. बंड शमले. शिपायाला मारणाऱ्यांना खुद्द काझीने स्वाधीन केले आणि त्यांतील चौघांना फाशी झाली. म्हणजे गुन्हा घडला, गुन्हेगार सापडले, शिक्षाही झाली. येथे प्रकरण मिटायला हवे होते.

सिस्नेरोसने राजाला उलटाच सल्ला दिला. बंड करून मुसलमानांनी तह मोडला आहे, म्हणून राजाही आता त्याला बांधील नाही. त्यांनी बाप्तिस्मा घ्यावा किंवा बंडखोराची शिक्षा भोगावी. हा युक्तिवाद मान्य झाला. शहरामागोमाग आल्पुहारासच्या डोंगराळ गावांत उठाव झाले, ते चिरडले गेले, आणि १५०२ च्या फेब्रुवारीत कॅस्टीलच्या साऱ्या राज्यातील मुसलमानांसमोर बाप्तिस्मा किंवा देशत्याग हे दोनच पर्याय ठेवण्यात आले. त्यांतले कित्येक ग्रॅनाडापासून शेकडो मैल दूर, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती राजांची प्रजा म्हणून शांततेने राहत होते. अल्बाइसीनच्या चौकाशी त्यांचा काय संबंध होता?

काही माणसांचे कृत्य साऱ्या समाजाच्या खात्यावर मांडायचे आणि मग त्या समाजाला दिलेला शब्द रद्द झाला असे म्हणायचे, ही पळवाट जुनी आहे. कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनने वारंवार बजावलेले तत्त्व तिच्या मुळावरच घाव घालते. दगाबाजीची खरी भीती असेल तेव्हाही करार संपल्याचे उघडपणे कळवावे, दोन्ही पक्षांना ते सारखेच ठाऊक असावे, अशी सूरह अन्फालची शिकवण आहे. एखाद्या समाजाविषयीचे वैर न्याय सोडायला प्रवृत्त करू नये, ही सूरह माइदामधील ताकीदही वाचकांना स्मरत असेलच.

हुदैबियाचा तह आणि साखळदंडांत आलेल्या अबू जंदल (रजि.) यांची परतपाठवणी आपण नेहमी ऐकतो. मला येथे त्याहून कमी सांगितली जाणारी एक घटना आठवते. हजरत हुजैफा (रजि.) आणि त्यांचे वडील बद्रच्या लढाईपूर्वी मदीनेकडे निघाले असता कुरैशांच्या हाती सापडले. मुहम्मद (स.) यांच्या बाजूने लढणार नाही असे वचन त्यांच्याकडून घेऊन कुरैशांनी त्यांना सोडले. हे वचन दडपणाखाली घेतलेले होते. घेणारे शत्रू होते. मुसलमान संख्येने इतके थोडे होते की एकेक माणूस मोलाचा होता. तरीही प्रेषितांनी (स.) त्या दोघांना वचन पाळून परत जाण्यास सांगितले आणि मदत अल्लाहकडे मागू असे समजावले. पुढे अमीर मुआविया (रजि.) यांच्या काळात रोमनांशी झालेल्या तहाची मुदत संपत आली होती. मुदत संपताच हल्ला करता यावा म्हणून सैन्य आधीच सरहद्दीकडे निघाले होते. अम्र बिन अबसा (रजि.) घोड्यावरून मागून आले आणि ही वचनभंगाची रीत आहे, असे त्यांनी सुनावले. मुआविया (रजि.) सैन्यासह परतले. तहातील एकही अक्षर मोडले नव्हते, तरीही!

सिस्नेरोस लोभी मनुष्य असता तर हा लेख लिहिणे सोपे गेले असते. तो तसा नव्हता. आर्चबिशपच्या भरजरी वस्त्रांखाली तो फ्रान्सिस्कन भिक्षूची जाडीभरडी कफनी घाली, कठोर उपवास करी. आपण या लोकांचे आत्मे वाचवत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माणसाला आपल्या सत्याची पूर्ण खात्री असते तेव्हा वचन मोडणे त्याला सर्वांत सोपे जाते, कारण ते समोरच्याच्या भल्यासाठी मोडले असे तो स्वतःला सांगू शकतो. लोभी माणसाचे मन कधी तरी त्याला टोचते. या माणसाचे मन त्याला शाबासकी देते.

आणि म्हणूनच या ठिकाणी आपला स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. मुस्लिम सत्तेखालील यहुदी आणि ख्रिस्ती प्रजेला दिलेल्या संरक्षणाला अरबीत ‘जिम्मा’ म्हणतात. मराठीत आपण जो ‘जिम्मा’ घेतो तो हाच शब्द. तोही दुर्बलाला दिलेला शब्दच होता. बाराव्या शतकात मुवह्हिदांनी कोर्डोबा घेतले तेव्हा धर्मशुद्धीच्या आवेशात त्यांनी तो काढून घेतला. तेथील यहुदी विद्वान मूसा बिन मैमून यांच्या कुटुंबाला शहर सोडावे लागले. त्यांना अखेर आसरा मिळाला तो मिसरमध्ये, सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या राज्यात, जेथे ते राजवैद्य झाले. घालवणारेही मुसलमान, आसरा देणारेही मुसलमान. ग्रॅनाडाचे राज्य तर एका तहावरच उभे राहिले होते. त्याचा संस्थापक मुहम्मद बिन अल्-अहमर याने १२४६ मध्ये कॅस्टीलच्या राजाचे मांडलिकत्व पत्करले आणि दोनच वर्षांनी इशबीलिया, म्हणजे सेव्हिल, हे मुस्लिम शहर जिंकण्यासाठी त्या राजाला आपले घोडदळ पुरवले. अबू अब्दुल्लाहचे काय? १४८७ मध्ये मालागाला वेढा पडला असता त्याच्या चुलत्याने पाठवलेली कुमक त्याच्याच सैन्याने वाटेत अडवली. मालागा पडले आणि तेथील हजारो रहिवासी गुलाम म्हणून विकले गेले. ग्रॅनाडा सोपवण्याचा शब्दही त्याने फर्डिनांडला गुपचूप देऊन ठेवला होता आणि वेळ आल्यावर तो टाळला होता. अंदलुसच्या कादंबऱ्यांत ही पाने सहसा नसतात.

कॅस्टीलनंतर आरागॉन आणि व्हॅलेन्सियाची पाळी आली. तेथील कथा नैतिक दृष्टीने अधिक विचित्र आहे. आपल्या मुस्लिम प्रजेवर धर्मांतराची सक्ती करणार नाही, अशी शपथ सम्राट चार्ल्स पाचवा याने राज्यारोहणाच्या वेळी घेतली होती. त्याच्या आजोबांनी, म्हणजे फर्डिनांडनेही, ती घेतली होती. १५२० च्या सुमारास व्हॅलेन्सियात सरदारांविरुद्ध उठलेल्या कारागिरांच्या टोळ्यांनी मुस्लिम शेतकऱ्यांना मरणाची भीती घालून बाप्तिस्मा दिला. बंड मोडल्यावर प्रश्न आला, हे बाप्तिस्मे खरे मानायचे काय? १५२५ मध्ये माद्रिदला विद्वानांची एक समिती बसली. तिने निर्णय दिला की मृत्यू आणि बाप्तिस्मा यांपैकी ज्यांनी बाप्तिस्मा निवडला त्यांनी निवड तर केलीच होती. म्हणून ते ख्रिस्तीच होत. उरलेल्या मुसलमानांसाठी सम्राटाला आपली शपथ आडवी येत होती. ती अडचण पोप क्लेमेंट सातवे यांनी १५२४ मध्येच दूर केली होती: त्यांनी सम्राटाला शपथेतून मुक्त केले होते.

शपथेतून मुक्त केले! पण ती शपथ होती कोणाला दिलेली? व्हॅलेन्सियाच्या शेतात राबणाऱ्या मुसलमानाच्या हक्कातली ती वस्तू होती. तिची सूट रोममधून कशी मिळावी? आपल्या विद्वानांनी अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क असा जो भेद केला आहे, त्याचे मर्म मला येथे उमगते. स्वतःवर घातलेली एखादी शपथ मोडावी लागली तर तिचे प्रायश्चित्त आहे. बंद्याचा हक्क मात्र त्या बंद्यानेच सोडला पाहिजे. शहीदालाही सारे माफ होते, कर्ज तेवढे होत नाही, ही हदीस हेच सांगते. दिलेले वचन हे समोरच्याचे आपल्यावर असलेले कर्ज आहे. त्याची माफी देण्याचा अधिकार ना राजाला आहे, ना पोपला, ना मुफ्तींना.

येथे एक गोष्ट लिहिण्याचा मोह आवरत नाही. निकाहच्या मजलिशीत साक्षीदारांसमोर कबूल केलेला मेहर आपल्याकडे कित्येक घरांत वर्षानुवर्षे दिला जात नाही आणि पतीचा जनाजा उठण्यापूर्वी, रडणाऱ्या विधवेला बायका वेढून बसलेल्या असताना, ‘मेहर बख्श दो’ असे तिला सुचवले जाते. ती मान हलवते. पुष्कळ ठिकाणी बहिणीचा वारसाहक्कही असाच, भावाच्या दारातले माहेर तुटेल या भीतीने, तिच्याकडून ‘खुशीने’ सोडवून घेतला जातो. ही निवड आणि माद्रिदच्या समितीने मान्य केलेली निवड, यांत जिवाच्या भयाचे अंतर फार मोठे आहे हे मी जाणतो. विचारणाऱ्याची सोय मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

जबरदस्तीखाली सापडलेल्या त्या मुसलमानांना आपल्या परंपरेने टाकून दिले नाही. १५०४ मध्ये वहरानच्या अहमद बिन अबी जुमआ या मगरिबी फकीहांनी त्यांच्यासाठी एक फतवा पाठवला. उभे राहून नमाज पढता येत नसेल तर इशाऱ्याने पढा, वुजू शक्य नसेल तर भिंतीवर हात फिरवूनही भागेल, मद्य पाजले तर मनात नकार असू द्या, असा त्याचा आशय होता. धर्मात जबरदस्ती नाही या आज्ञेची ही दुसरी, पीडिताच्या बाजूची व्याख्या म्हणता येईल: ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याच्या ओठांवर अल्लाह हिशेब ठेवत नाही. हा फतवा त्यांच्या घरांत पुढील शंभर वर्षे हस्तलिखितांतून फिरत राहिला. तो बाळगणेही धोक्याचे होते. धर्मन्यायासन, म्हणजे ज्या इन्क्विझिशनची एक शाखा पोर्तुगीजांनी १५६० मध्ये आपल्या गोव्यातही आणली, त्याचे हस्तक घराघरांवर नजर ठेवत. शुक्रवारी धुतलेले कपडे घातले, डुकराचे मांस टाळले, एवढ्यावरूनही चौकशी होई. तालावेराही त्या जाचातून सुटला नाही. आयुष्याच्या अखेरीस त्याच्यावर आणि त्याच्या आप्तांवर आरोप ठेवले गेले. तो निर्दोष ठरला आणि १५०७ मध्ये वारला.

तालावेराच्या पदरी सेवेस असलेला एक मुसलमान घराण्यातील मुलगा पुढे फार म्हातारा होईपर्यंत जगला. फ्रान्सिस्को नुन्येस मुले हे त्याचे नाव. १५६७ च्या पहिल्या दिवशी ग्रॅनाडात नवे फर्मान पुकारले गेले: तीन वर्षांत अरबी बोलणे-लिहिणे बंद, पारंपरिक पोशाख बंद, स्त्रियांचे बुरखे बंद, अरबी नावे बंद, हमाम बंद. बाप्तिस्मा घेऊन साठ-पासष्ट वर्षे लोटलेल्या या लोकांना आता त्यांची भाषाही टाकायची होती. तेव्हा हा वृद्ध गृहस्थ लेखी निवेदन घेऊन न्यायसभेचा अध्यक्ष पेद्रो दे देसा याच्यासमोर उभा राहिला.

त्याने धर्माची बाजू मांडली नाही. ती मांडण्याची मुभाच नव्हती. पोशाख हा प्रांताचा असतो, धर्माचा नसतो, असे तो म्हणाला. पूर्वेकडील ख्रिस्ती अरबीच बोलतात, माल्टाचे ख्रिस्तीही तसेच बोलतात, मग अरबी ही इस्लामची खूण कशी? गरीब बायकांनी नव्या कपड्यांना पैसे कोठून आणावे? नावे गेली तर घराणी कशी ओळखायची? आणि मग त्याने आपल्या बालपणाची साक्ष काढली: आल्पुहारासच्या दौऱ्यात आर्चबिशप तालावेरा मुक्कामाला असताना गावकऱ्यांची झांब्रा, म्हणजे त्यांचे गाणेबजावणे, त्यांच्या स्वागताला असे आणि प्रार्थनेच्या वेळीही ते वाजत असे, त्या धर्मगुरूला त्यात काही गैर वाटले नव्हते. आपल्या वाडवडिलांनी शहर स्वाधीन केले ते कोणत्या अटींवर, याचीही त्याने आठवण करून दिली. त्या अटींना तेव्हा पंचाहत्तर वर्षे झाली होती.

देसाने निवेदन ऐकून घेतले आणि फर्मान तसेच ठेवले. १५६८ च्या डिसेंबरमध्ये आल्पुहारास पुन्हा पेटले. दोन वर्षांच्या भीषण युद्धानंतर ग्रॅनाडाच्या मोरिस्कोंना साखळ्यांत बांधून कॅस्टीलच्या थंड प्रदेशांत विखुरण्यात आले, आणि १६०९ ते १६१४ या काळात साऱ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख मोरिस्कोंना समुद्रापार हाकलण्यात आले. नुन्येस मुलेच्या निवेदनाची प्रत माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहे.